लिंबूटिंबू कुणीच नाही: एका मिश्र क्रिकेट गटाचं प्रकरण

एक बंदिस्त हॉल, १८ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. आठवड्यातून एकदा दीड तास. १२ ते १९ वयोगटातली १६ मुलंमुली. त्यांतली नऊ जण दिव्यांग: सेरेब्रल पाल्सी असलेला आणि हातांनी ढकलायची व्हीलचेअर वापरणारा एक मुलगा, ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू दुबळे करत जाणाऱ्या आजारामुळे मोटारवर चालणाऱ्या खुर्चीत असलेला दुसरा, पूर्ण अंध असलेली एक मुलगी, एक कर्णबधिर मुलगा, बौद्धिक अक्षमता असलेले तिघं आणि स्वमग्न असलेले दोघं. उरलेली सात मुलं गरीब किंवा विस्कटलेल्या घरांतली. त्यांतल्या तिघांची शाळा सुटलेली.

प्रकरण एका गटाचं म्हणून मांडलं आहे, पण तपशील अशा अनेक गटांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टींतून जुळवले आहेत. कुणा एका मुलाची ओळख त्यात नाही.

काय बिघडलं

सुरुवातीचा बेत साधा होता. टेनिस बॉलचं नेहमीचं क्रिकेट खेळायचं, सगळ्यांना बॅटिंग द्यायची आणि अडेल तिथे सांभाळून घ्यायचं. हे सांभाळून घेणंच गटाला नडलं.

व्हीलचेअरवरच्या मुलाला गोलंदाज हळूच चेंडू सरकवायचा. त्रिफळा उडाला की पंच ‘नो बॉल’ म्हणायचा. चेंडू बॅटला लागला की क्षेत्ररक्षक मुद्दाम हुकवायचे आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. अंध मुलीला गुणलेखकाशेजारी ‘ऐकायला’ बसवलं होतं. मोटारखुर्चीतला मुलगा कोपऱ्यात टेबल क्रिकेट खेळायचा, एका मदतनीसाबरोबर, एकटाच. कर्णबधिर मुलगा हाक ऐकू न आल्याने धावबाद व्हायचा आणि त्याला पुन्हा खेळवलं जायचं. स्वमग्न मुलांपैकी एक जण पहिल्याच चेंडूवर आऊट होऊन बाहेर गेला, तो त्या दिवशी परत आत आलाच नाही.

काही आठवड्यांत हजेरी घसरली. ज्यांच्यासाठी सर्वांत जास्त टाळ्या वाजत होत्या, ते सर्वांत आधी गळाले. त्यांच्या मागोमाग शाळा सुटलेली मोठी मुलं गेली. आयोजकांचं म्हणणं पडलं की येण्याजाण्याची सोय नाही. ते काही अंशी खरंही होतं. पण मुलांशी एकेकटं बोलल्यावर दोन वाक्यं वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा आली. दिव्यांग मुलं म्हणत होती, ‘माझी विकेट कुणी मोजतच नाही.’ मोठी मुलं म्हणत होती, ‘आम्ही खेळायला आलो होतो, खुर्च्या ढकलायला नाही.’

दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. एकाला दया दाखवायची तर दुसऱ्याला दया दाखवणारा व्हावं लागतं. अशा वेळी दोघांपैकी कुणीच खेळाडू राहत नाही.

मोजणी

उपाय ठरवण्याआधी एका प्रौढाने खेळात अजिबात भाग न घेता कागद-पेन्सिल घेऊन २० मिनिटं उभं राहावं. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने: त्याला किती खरे चेंडू मिळाले (गोलंदाज त्याला बाद करायचा प्रयत्न करत होता असे), क्षेत्ररक्षणात किती वेळा चेंडू हाती आला आणि खेळाचा किती वेळा स्वतः निर्णय घेतला. कुठे उभं राहायचं, कोणता चेंडू टाकायचा, धाव घ्यायची की नाही, हे सगळे निर्णय.

हजेरीपटापेक्षा हा कागद जास्त खरं सांगतो. या गटात तीन-चार चपळ मुलांचे पहिले दोन रकाने रेघांनी भरून गेले. व्हीलचेअरवरच्या मुलापुढे चेंडूंच्या रेघा होत्या, पण ‘खरा’ चेंडू एकही नव्हता. तिसरा रकाना तर जवळपास सगळ्यांचाच रिकामा होता, कारण निर्णय प्रशिक्षक घेत होते. हाच कागद पुढे दर महिन्याला भरायचा.

नियम आधी, सवलत नंतर नाही

सर्वसमावेशक खेळात जागा, काम, साहित्य आणि माणसं या चार गोष्टी बदलून पाहायची पद्धत सर्वदूर वापरली जाते. पद्धत चांगली आहे, पण बदल सामना सुरू असताना एखाद्या मुलाकडे पाहून केला तर ती सवलत होते. तोच बदल नियम म्हणून आधी भिंतीवर लागला तर तो खेळाचा भाग होतो. अंधांच्या क्रिकेटमध्ये हे फार पूर्वी उमगलेलं आहे. १९२२ मध्ये मेलबर्नमध्ये कारखान्यातल्या अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हा खेळ सुरू केला. १९९८ मध्ये नवी दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला. त्यात बी-१ म्हणजे पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात आणि ११ जणांच्या संघात किमान चार बी-१ खेळाडू असावे लागतात. यात मेहेरबानी कुठेच नाही. दुप्पट धावांमुळे कर्णधाराला बी-१ फलंदाज वरच्या क्रमांकावर पाठवावासा वाटतो आणि समोरच्या संघाला त्याला लवकर बाद करावंसं वाटतं. दोन्ही संघांना त्या खेळाडूची किंमत कळते.

गटाने पहिला मोठा बदल केला तो जोडीच्या क्रिकेटचा. आठ-आठ जणांचे दोन संघ. प्रत्येक संघ २०० धावांवर सुरुवात करतो. प्रत्येक जोडी दोन षटकं खेळते. दर तीन चेंडूंनी फलंदाज बदलतात, म्हणजे प्रत्येकाला सहा चेंडू हक्काचे. बाद झालं तर पाच धावा वजा, पण फलंदाज तिथेच राहतो. डाव आठ षटकांचा, गोलंदाज आठ, प्रत्येकी एक षटक. वाइड चेंडूच्या दोन धावा, पण तो पुन्हा टाकायचा नाही. नाहीतर वेळेचं गणित कोलमडतं. अशा गटात एका चेंडूला सरासरी ३५ सेकंद लागतात असं धरावं. ४८ चेंडूंचा डाव २८ मिनिटांत होतो आणि दोन डाव तासाभरात बसतात. सुरुवातीला प्रत्येक जोडीला तीन षटकं दिली होती. तेव्हा दुसरा डाव दर वेळी अर्धाच राहायचा आणि ज्यांची बॅटिंग हुकायची ती नेमकी मागच्या क्रमांकावरची मुलं असायची.

आऊट झाल्यावर बाहेर जावं लागत नाही, एवढ्या एका गोष्टीने स्वमग्न मुलाचा अर्धा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा अनपेक्षितपणाचा होता. त्यासाठी दीड तासाचं चित्रांचं वेळापत्रक दाराशी लावलं आणि झालेल्या भागाचं चित्र तो स्वतः काढून ठेवू लागला. षटक संपायच्या दोन चेंडू आधी पंच दोन बोटं दाखवतो. हॉलला लागून एक शांत खोली आहे. तिथे जायला कुणाची परवानगी लागत नाही आणि परत आल्यावर कुणी विचारपूस करत नाही.

दुसरा बदल चेंडूंचा. फलंदाज आपल्या सहा चेंडूंआधी चारपैकी एक प्रकार जाहीर करतो: टीवर (चेंडू ठेवायच्या छोट्या उभ्या आधारावर) ठेवलेला, घरंगळता, टप्पा घेणारा अंडरआर्म किंवा वरून टाकलेला. निवड सगळ्यांना करावी लागते, त्यामुळे त्यावरून कोण दिव्यांग हे कळत नाही. धावांची किंमत सारखीच, पण लक्ष्य वेगळं. सहा मीटरवर शंकूंचं दार असतं आणि त्यातून चेंडू गेला तर चार धावा. टीवरच्या चेंडूसाठी दार दोन मीटर रुंद, घरंगळत्यासाठी तीन, अंडरआर्मसाठी चार आणि वरून टाकलेल्यासाठी पाच मीटर. बाकी धावा पळून काढायच्या. पहिल्याच सामन्यात सर्वांत जोरकस फलंदाजाने टी निवडून दारातून चौकारांची रांग लावली. म्हणून पोटनियम आला: मागच्या सामन्यात ज्याने दहापेक्षा जास्त धावा काढल्या, त्याने या वेळी एक पायरी वरचा चेंडू घ्यायचा. त्यानंतर पायरी चढणं हीच शेखी मिरवायची गोष्ट झाली.

टीवरच्या चेंडूत गोलंदाज बेकार होतो, हा दोष राहिला होता. तो काढायला टीमागे एक यष्टी उभी केली आणि गोलंदाजाला दार कुठे ठेवायचं हे ठरवायचा हक्क दिला.

तिसरा बदल क्षेत्ररक्षणाचा. खेळपट्टीभोवती सहा पट्टे टेपने आखले. ज्याचा पट्टा त्यानेच चेंडू अडवायचा. दुसऱ्याने हात लावला तर चार धावा दंड. चपळ मुलं सुरुवातीला तळमळतात, कारण चेंडू दोन हात अंतरावरून जात असताना त्यांना उभं राहावं लागतं. पण हा नियम नसला तर चाकाच्या खुर्चीपर्यंत चेंडू कधी पोचतच नाही. खुर्चीतून वाकून जमिनीवरचा चेंडू उचलणं कमरेत बळ नसलेल्याला जमत नाही, म्हणून चाकाला लागून थांबला तरी चेंडू अडवला असं धरायचं. परत पाठवायला हातात एक हलकी बॅट. गोलंदाजाजवळच्या रिंगणात चेंडू पोचला की धावा बंद.

व्हीलचेअरची धावपट्टी खेळपट्टीला समांतर, दीड मीटर रुंद, वेगळी आखली. एकाच पट्टीवर पळणारा आणि खुर्ची समोरासमोर आले तर टक्कर ठरलेली. खेळपट्टी १२ मीटरची असली तरी ही पट्टी ८ मीटरची आहे, कारण फटका मारताना खुर्ची फिरू नये म्हणून ब्रेक लावलेला असतो. तो सोडून चाकांना हात घालेपर्यंत पळणारा जोडीदार निम्म्यावर पोचलेला असतो. पुढची चाकं रेषेपलीकडे गेली की धाव पूर्ण. बॅट मांडीवर घेऊन निघायचं नाही. ती घसरून पुढच्या छोट्या चाकाखाली गेली तर खुर्ची तोंडावर पडते.

रॅम्प

ड्यूशेनमध्ये खांदे आणि दंड लवकर दुबळे होतात, बोटांत मात्र बराच काळ जोर टिकतो. मोटारखुर्चीतल्या मुलाला याच बोटांच्या बळावर गोलंदाज करता आलं. त्यासाठी चेंडू घरंगळवायचा उतार, म्हणजे रॅम्प, बनवला: दहा सेंटीमीटर रुंद अर्धगोल प्लास्टिकची नळी, दीड मीटर लांब, वरचं टोक जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर. खालचं टोक गरम करून थोडं वळवलं, म्हणजे चेंडू जमिनीला समांतर सुटतो. ते वळण नसलं तर चेंडू पहिल्याच जागी आपटून उडतो आणि दिशा जाते. वरून सोडलेला पोकळ चेंडू सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने निघतो आणि आठ मीटरवरच्या फलंदाजापर्यंत साधारण तीन सेकंदांत पोचतो. निम्म्या उंचीवरून सोडला तर चारच्या वर. नळीवर टेपच्या तीन खुणा केल्या, म्हणजे तीन वेग.

पहिल्या दिवशी मदतनीस रॅम्प स्वतःच नेमक्या दिशेला लावून द्यायचा आणि मुलाने फक्त बोट उचलायचं. त्यावर बोशिया या पॅरालिंपिक खेळातला नियम उसना घेतला. तिथे रॅम्प हलवणारा सहायक मैदानाकडे पाठ करून असतो आणि खेळाडू सांगेल तेवढंच हलवतो. इथेही तसंच केलं. ‘डावीकडे. अजून. थांब. वरची खूण.’ मुलाला शब्द सापडायला दोन-तीन षटकं गेली आणि चेंडू वेड्यावाकड्या दिशांनी गेले. ते होऊ द्यावं लागतं. मग फलंदाजांनी टेपची खूण वाचून वेग ओळखायला सुरुवात केली. त्यावर या मुलाने तोड काढली: खूण आधी ठरवायची, चेंडू ठेवायचा आणि शेवटच्या क्षणी दिशा बदलायला सांगायची. फलंदाज वेगाकडे बघत राहतो आणि चेंडू पायामागून यष्टीवर जातो. गटात त्याच्या षटकाला आता सगळे वचकून असतात. त्याच्या षटकाची वेळ सामन्याच्या सुरुवातीलाच ठेवली आहे, कारण या आजारात थकवा येईपर्यंत ताणणं घातक असतं आणि गारठ्यात बोटं लवकर आखडतात.

टेबल क्रिकेटही कोपऱ्यातून बाहेर आलं. हा खेळ टेबल टेनिसच्या टेबलावर खेळतात. कडेला फळ्या, त्यांवर सरकणारे क्षेत्ररक्षक आणि धावांच्या खुणा, छोट्या रॅम्पवरून चेंडू आणि हातभर लांबीचीही नसलेली बॅट. इंग्लंडमध्ये लॉर्ड्स टॅव्हर्नर्स ही १९५० मध्ये स्थापन झालेली संस्था त्याच्या स्पर्धा भरवते. या गटात चूक इतकीच होती की टेबल फक्त एका मुलाचं झालं होतं. आता मुख्य सामन्याआधी १५ मिनिटं दोन्ही संघांतून एक जोडी आणि एक गोलंदाज टेबलावर जातात, दोन-दोन षटकं खेळतात, आणि तिथल्या धावा संघाच्या बेरजेत धरतात. बाकीचे तेवढ्या वेळात सराव करतात. बेरीज एक झाल्यावर टेबलाभोवती आपोआप गर्दी जमली. टेबल घेताना पाय कडेपासून किमान ४० सेंटीमीटर आत आहेत का ते मोजावं. नसतील तर खुर्चीचे पायठेवे पायांना अडतात आणि खेळाडू टेबलापासून हातभर दूर राहतो.

आवाज आणि शांतता

अंध मुलीसाठी छर्रे घातलेला खुळखुळता चेंडू आणला. चेंडू थांबला की त्याचा आवाजही थांबतो, ही अडचण पहिल्याच वेळी कळते. क्षेत्ररक्षणात चेंडू तिच्या पायाजवळ पडलेला असतो आणि तिला तो सापडत नाही. म्हणून शेजारच्या पट्ट्यातल्या खेळाडूने दिशा आणि पावलं सांगायची, ‘उजवीकडे, दोन’, हात लावायचा नाही. तिने एका टप्प्यावर पकडलेला चेंडू झेल धरतात. अंधांच्या क्रिकेटमध्ये तसाच नियम आहे. बॅटिंगला तिच्याकडे येणारा चेंडू अंडरआर्म, किमान दोन टप्पे घेणारा, पण घरंगळणारा नको. गोलंदाज विचारतो ‘तयार?’, ती ‘हो’ म्हणते, मग ‘प्ले’ आणि चेंडू. धावायला तिचा रनर असतो.

‘प्ले’पासून फटक्यापर्यंत हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता लागते. लाकडी फरशी आणि पत्र्याचं छत असेल तर टाळ्यांचा घुमारा रेंगाळतो आणि चेंडूचा आवाज गिळतो. म्हणून टाळ्या बंद करून दोन्ही हात वर करून हलवायची पद्धत आणली. कर्णबधिर मुलाला ती आधीपासूनच ठाऊक होती आणि स्वमग्न मुलांनी कानांवर ठेवलेले हात खाली आले. अंध मुलीला मात्र हलते हात दिसत नाहीत. तिच्या चौकारानंतर संघ एका सुरात तिचं नाव एकदाच घेतो.

कर्णबधिर मुलगा गटाचा पहिला पक्का पंच झाला. पंचाची भाषा हातवाऱ्यांचीच असते: वाइड, नो बॉल, चौकार, षटकार, बाद. इतरांना त्या खुणा शिकाव्या लागल्या, त्याला फक्त नियम. प्रत्येक चेंडूआधी तो हात वर धरतो, सगळे त्याच्याकडे बघतात, हात खाली आल्यावर गोलंदाजाने ‘तयार?’ विचारायचं.

शाळा सुटलेली मुलं

यांच्याबाबत क्रिकेटच्या नियमांइतकंच नियमांबाहेरचंही करावं लागलं. सत्र संध्याकाळी उशिरा होतं आणि परतताना अंधार पडायचा. ते दोन तास अलीकडे आणलं. धाकट्या भावंडांना सांभाळायचं काम ज्यांच्यावर होतं, त्यांना भावंडं आणायची मुभा दिली आणि त्यांच्याजवळ एक प्रौढ बसवला. चार पानी प्रवेशअर्ज काढून एका पानाचा केला आणि तो फोनवर विचारून भरला, कारण लांबलचक अर्ज घरी गेले की परत येत नाहीत. अनवाणी किंवा चपलेवर खेळणं चाकांच्या जवळ धोक्याचं असतं. म्हणून हॉलमध्ये मापांप्रमाणे बुटांचं कपाट ठेवलं, आणि सत्रापुरते बूट तिथलेच घालायचे हा नियम सगळ्यांना लावला, ज्यांच्याकडे स्वतःचे आहेत त्यांनाही.

मुलगा आला नाही तर त्याच संध्याकाळी फोन करायचा. तिसऱ्या गैरहजेरीपर्यंत थांबलं की तो परत येत नाही. फोन रागवायला नाही, ‘पुढच्या वेळी तू रॅम्पवर आहेस’ हे सांगायला. काम नावानिशी वाट पाहत असलं की पाय वळतात.

मदतीची कामं आता पाळीने सगळ्यांकडे जातात, दिव्यांग मुलांकडेही: पंच, गुणलेखक, रॅम्पचा सहायक, साहित्याची मोजदाद. १६ वर्षांपुढच्यांना सरावातली दहा मिनिटं पूर्ण स्वतःची मिळतात. काय घ्यायचं ते त्यांनी आदल्या आठवड्यात लिहून द्यायचं आणि त्या दहा मिनिटांत प्रशिक्षकाने तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा भाग प्रशिक्षकांना सर्वांत जड जातो.

‘वंचित’ हा शब्द मुलांच्या फोटोखाली छापू नये. या गटातला एक मुलगा केवळ अशा एका पत्रकामुळे महिनाभर आला नाही. फोटोला पालकांची संमती लागते, तशी मुलाचीही, आणि मजकूर त्याला आधी दाखवून.

सांभाळायच्या गोष्टी

प्रत्येकाचं एक कार्ड: औषधं, फिट्स, शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी, शरीरात बसवलेली नळी) किंवा इतर उपकरण, घरचा फोन. फिट आली तर वेळ बघायची, कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, पाच मिनिटांवर गेली तर रुग्णवाहिका. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे मणके काही वेळा अस्थिर असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांट्या किंवा डोक्यावर भार येणारं काही घेऊ नये. हॉलमध्ये कायम दोन प्रौढ. शौचालयात मदत कोण करणार हे मुलाशी आणि पालकांशी आधी ठरलेलं.

अजून न सुटलेलं

मासिक कागदावर तिसरा रकाना भरू लागला आहे. गळालेल्या मुलांपैकी बहुतेक परतली. एक मोठा मुलगा परतला नाही, कारण त्याला काम लागलं होतं. संध्याकाळच्या कुठल्याही सत्राचा त्यावर उपाय नव्हता.

मोटारखुर्चीतल्या मुलाला आता जमिनीवर बॅटिंग करायची आहे. टेबलावर हात टेकवून तो खेळतो, पण मोठी बॅट फिरवण्याइतकं बळ दंडात नाही. मोटारखुर्ची हॉकीत काठी खुर्चीलाच जोडतात आणि खुर्ची जागच्या जागी फिरवून चेंडू मारतात, त्या धर्तीवर प्रयोग सुरू आहे. फोमची हलकी बॅट आवळपट्टीने पायठेव्याजवळ बसवली आहे. खुर्ची हे वैद्यकीय साधन आहे, तिला भोक पाडायचं नाही. फिरणाऱ्या बॅटचा घेर दीड मीटरच्या पुढे जातो, म्हणून यष्टिरक्षक आणि जवळचे क्षेत्ररक्षक तीन मीटर मागे. खुर्चीचा वेग सर्वांत कमी टप्प्यावर. यष्टी किती मागे ठेवायची आणि खुर्चीनेच यष्टी पाडली तर हिटविकेट द्यायची का, यावर गटात मतभेद आहेत. खुद्द त्या मुलाचं म्हणणं आहे की द्यायलाच हवी. नियम भिंतीवर लागेपर्यंत हा प्रकार फक्त सरावात, सामन्यात नाही.